पऱ्हाटीची साय

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी नणंद पुण्याहून आली ती दोन पांढरे कॅन घेऊन. एसटीच्या पायऱ्या उतरताना तिने ते असे धरले होते, जशा आमच्याकडे बायका दुधाने काठोकाठ भरलेल्या चरव्या धरतात. पाऊल जपून, खांदे किंचित उचललेले. घरी आल्यावर पाणीही न पिता तिने एका कॅनचे झाकण उघडले आणि मला म्हणाली, "वहिनी, बोट घालून बघा."

मी बोट घातले. आत सायीसारखे काहीतरी होते, गार आणि धुक्याच्या रंगाचे. साबुदाण्याच्या खळीपेक्षा हलके, शिजवलेल्या चिकापेक्षा गुळगुळीत. बोट वर काढले तरी ते ओघळले नाही. नखाभोवती थरथरत राहिले. नाकाशी नेले तेव्हा आधी काहीच कळले नाही, मग पावसात भिजून पुन्हा वाळलेल्या वहीचा वास आला.

"ओळखा," ती म्हणाली.

"खळ आहे कसली तरी."

"आपल्या माळावरची पऱ्हाटी आहे."

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर रानात मागे उरणारी कपाशीची वाळकी झाडे. उन्हाळ्याच्या तोंडावर ती उपटायची, बांधावर रचायची आणि पुढे वर्षभर चुलीत घालायची, एवढाच तिचा उपयोग आम्हाला ठाऊक. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा बीडच्या गॅसवर स्वयंपाक करणारी मुलगी होते. हातावर पऱ्हाटीचे पहिले ओरखडे उठले तेव्हा मला वाटले होते की या झाडात खरखरीशिवाय काही नाही. मागच्या उन्हाळ्यात नणंदेने तिची दोन पोती भरून पुण्याला नेली, तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले होते, "काय गं, पुण्यातलं सरपण सरलं का?" त्यावर माझ्या सासूबाई, ज्यांना मी इकडच्या रीतीने आत्याबाई म्हणते, शांतपणे म्हणाल्या होत्या, "तिकडं लोक थंड असत्यात म्हनं. शेकायला लागतं."

ती दोन पोती आता दोन कॅन होऊन परत आली होती.

नणंद एका प्रयोगशाळेत काम करते. लाकूड, धसकटे, उसाचा चोथा, केळीचे सोपट यांतून नव्या वस्तू घडवायच्या, असे तिथले काम. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिने मला सगळी कृती सांगितली. मला ती एखाद्या जुन्या पाककृतीसारखी ऐकू आली. पऱ्हाटी सोलायची, कुटायची, क्षाराच्या पाण्यात उकळायची. लाकडाला ताठपणा आणि तपकिरी रंग देणारा अंश त्या पाण्यात निघून जातो. मागे पांढरे तंतू उरतात. त्यांचे नाव सेल्युलोज. हे तंतू पाण्यात पुन्हा पुन्हा दळायचे, इतके की त्यांची जाडी डोळ्यालाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसेनाशी व्हावी. मग प्रकाश त्यांच्यामधून अडखळत, अडखळत पार जाऊ लागतो, आणि कापसाच्या झाडाची काठी अशी साय होऊन बसते.

"याच्यापासून काचेसारखा कागद होतो," ती म्हणाली. "प्लास्टिकऐवजी पिशव्या होतात. जखमेवर लावायच्या पट्ट्या होतात. कुणी कुणी तर लाकडालाच आरपार दिसेल असं करतात."

दुसऱ्या दिवशी तिने थोडी साय स्टीलच्या ताटात पसरून गच्चीवर वाळत ठेवली. संध्याकाळपर्यंत ताट रिकामे दिसू लागले. तिने काठाला नख लावले आणि ताटातून एक पापुद्रा सोडवून घेतला. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, पण कांद्यापेक्षा नितळ. हातात धरला की बारीक वाजे, जणू दूरवर कुणी कोरे लुगडे उलगडत आहे. मी आष्टीच्या कॉलेजात मराठी शिकवते. तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका शेजारीच पडल्या होत्या. मी तो पापुद्रा त्यांतल्या एकीवर ठेवला आणि अक्षरे स्वच्छ दिसली. खाली कागद, वर हा पापुद्रा, अंगावर सुती पातळ, गोठ्यात कडबा. सगळ्यांत तोच एक धागा आहे, हे कळल्यावर मला आमचे घर थोडे वेगळे दिसू लागले. इतकी वर्षे त्या धाग्यावर लिहून, त्याला नेसून, जनावरांना तो खाऊ घालून मी त्याची विचारपूस कधी केली नव्हती.

पण ती घरी आली होती ती कागद करायला नव्हे. तिला ती साय सीताफळाला लावायची होती.

आमचे गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, आष्टी आणि शिरूर कासार यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आहे. इथे पाणी कमी, दगड पुष्कळ, आणि दगडांना न जुमानणारी सीताफळाची झाडे अमाप. दसऱ्याच्या सुमारास फळांच्या खवल्यांमधल्या फटी पिवळसर होऊन रुंदावतात. त्याला आमच्याकडे डोळे उघडणे म्हणतात. डोळे उघडले की फळ तोडायचे आणि बाजरीच्या कोठीत पुरायचे. दोन दिवसांत पिकते, तिसऱ्या दिवशी मऊ होऊन बोटांत येते, चौथ्या दिवशी काळे पडते. जगात असे गोड फळ आणि त्याला इतके थोडे आयुष्य. ज्याने डोंगर पाहिला नाही त्याने आमचे सीताफळ खाल्लेले नाही, असे इथले लोक अभिमानाने म्हणतात; त्या अभिमानाखाली एक कमीपणा आहे, तो म्हणजे आमचे फळ कुठेही पोहोचत नाही.

पऱ्हाटीच्या सायीचा पातळ थर फळावर वाळला की फळ पाणी कमी सोडते, हवा कमी घेते आणि सावकाश पिकते. पुण्याच्या प्रयोगशाळेत, थंड खोलीत, हे ठरल्याप्रमाणे घडले होते. तिच्या मार्गदर्शकांनी मात्र तिला एकच अट घातली होती. साध्या घरात, शीतयंत्राशिवाय, फळ आठ दिवस टिकवून दाखव. या हंगामात जमले तर काम पुढे चालू राहील, नाही तर हा विषय इथे थांबवून तू वेष्टनाच्या कागदाकडे जा. सीताफळांचा हंगाम दिवाळीबरोबर संपतो. तिच्याकडे महिनाही नव्हता.

तिने वीस फळे निवडली. दहा तशीच ठेवली. दहा सायीत बुडवून, तारेवर टांगून वाळवली. वाळल्यावर ती नुकत्याच न्हालेल्या मुलांसारखी तुकतुकीत दिसत होती. माजघरातल्या बाजेवर दोन्ही गट मांडले आणि आईला बजावले, "आई, ह्यातलं एकही कोठीत घालायचं नाही."

"मग पिकतील कशी?"

"उशिरा पिकावीत म्हणूनच तर लावलंय."

"फळानं उशिरा पिकावं," आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन् पोरीनं उशिरा लगीन करावं. सगळंच उशिरा."

साधी दहा फळे तिसऱ्या दिवशी मऊ झाली आणि आम्ही ती खाल्ली. बुडवलेली दहा पाचव्या दिवशीही घट्ट होती. नणंद दिवसातून चार वेळा ती दाबून बघे, वहीत लिही आणि कुणाचे लक्ष नाही असे पाहून हलकेच हसे. आत्याबाईंना मात्र ते बघवत नव्हते. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी एक फळ उचलले, दाबले नाही, देठापाशी नाक नेऊन हुंगले.

"ह्याचा जीव कोंडलाय," त्या म्हणाल्या.

"आई, काहीतरीच नको."

"फोड."

फोडले. वरून हिरवे आणि घट्ट असलेले ते फळ आत गुलाबीसर होऊन सुटले होते. आंबलेल्या पिठाचा वास माजघरभर पसरला. दुसरे फोडले, तिसरे फोडले. दहाही तशीच. नणंदेने वही मिटली. थर जाड झाला होता. फळाला हवा कमी मिळावी म्हणून लावलेली साय त्याला हवाच मिळू देत नव्हती. प्रयोगशाळेतल्या थंडीत फळाचा श्वास मंद असतो, तिथे हे उघड झाले नव्हते. आमच्या घराच्या उबेत ते झाले.

"आन् देठाला कावून माखलंस?" आत्याबाईंनी विचारले. "फळ तिथूनच तर दम घेतं."

"देठातूनच सगळ्यात जास्त पाणी जातं आई. तिथंच तर लावायला पाहिजे."

"पानी जातं तिथूनच वारं बी जात आसंल."

नणंदेने मिटलेली वही पुन्हा उघडली.

त्या दुपारी बाजरी पाखडताना आत्याबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्या आणि माझे सासरे अनेक वर्षे ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की टोळी निघायची आणि चैत्रात परतायची. थोरला मुलगा, म्हणजे माझे पती, त्यांच्याबरोबर असे. मुलगी आजीपाशी राही. पहिल्या वर्षी त्या निघाल्या तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. आईसाठी म्हणून तिने हंगामातले शेवटचे सीताफळ बाजरीच्या कोठीत, अगदी तळाशी, पुरून ठेवले. कुणाला सांगितले नाही. महिन्याभराने कोठीतून घाण वास येऊ लागला. फळाचे पाणी होऊन त्यात किडे झाले होते आणि भोवतालची बाजरी बुरसली होती. आजीने तिला बडवले. ती रडली नाही म्हणे. एवढेच विचारत राहिली की चैतापर्यंत राहील असे फळ कोणते.

"तिला आठवतंय का ते?" मी विचारले.

"काय ठावं. म्या कधी इचारलं न्हाई." त्यांनी सुपातला कोंडा फुंकरला. "तिनं बी कधी काढलं न्हाई."

दिवाळीत डोंगरावर जेमतेम थोडी फळे उरली होती. नणंद स्वतः काटे चुकवत वर गेली आणि बारा फळे घेऊन आली, शेवटची. या वेळी तिने साय पाण्यात पातळ केली, फळे बुडवली नाहीत, तर आत्याबाईंच्या जुनेराचा मऊ बोळा करून तिने ती हलक्या हाताने पुसून घेतली, बाळाला तेल लावावे तशी. सहा फळांचे देठही माखले आणि सहांचे मोकळे सोडले. कोणते कोणते ते ओळखू यावे म्हणून माखलेल्या देठांना तिने देवघरातला लाल नाडा तोडून एकेक तुकडा बांधला. आईचे म्हणणे तिने अखेर प्रयोगात घेतले होते. तसे तोंडाने मात्र म्हणाली नाही.

बारा फळे बाजेवर मांडली. आत्याबाईंना पुन्हा बजावले, "कोठीत नको."

"न्हाई घालत कोठीत," त्या म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला, हे मला इथे नोंदवले पाहिजे.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे फळे मांडल्याच्या तिसऱ्या दिवशी, नणंद माझ्याबरोबर आष्टीला आली. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला नाजूक काटा तिला काही दिवसांसाठी हवा होता. फळे रोज किती वजन सोडतात ते बघायचे होते. सुट्टी होती, तरी शिपायाने कुलूप उघडून दिले. परतताना रस्त्यात ऊसतोडीला निघालेली आमच्याच गावची टोळी भेटली. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांवर संसार रचलेले: पत्र्याच्या पेट्या, कोयते, गोधड्यांचे गठ्ठे, एक शेळी, पिंजऱ्यात कोंबड्या. मागच्या ट्रॉलीत गठ्ठ्यांच्या टेकडीवर आमची शेजारीण बसली होती. ती नणंदेची बालमैत्रीण. दोघींच्या आया एकाच टोळीत ऊस तोडत आणि दोघी आज्यांपाशी राहून एकाच शाळेत जात. पुढे एकीला शिष्यवृत्ती मिळाली, दुसरीला गावातच दिले. शेजारणीने आम्हाला पाहिले, मांडीवरचे गाठोडे दोन्ही हातांनी उचलून दाखवले आणि मोठ्याने काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते विरले. आम्ही हात हलवले. नणंद तर बराच वेळ हलवत होती.

घरी आलो तेव्हा बाज रिकामी होती.

"आई, फळं?"

"दिली."

"कुनाला?"

"तुझ्या मैत्रिनीला. गाडीवर चढत व्हती. मोकळ्या पदरानं पाठवायची का?"

आमच्या गल्लीत अशी रीत आहे. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईच्या पदरात निघताना काहीतरी घालायचे. मूठभर शेंगा, चार भाकरी, कुणाच्या झाडाचे लिंबू. रिकाम्या पदराने गेलेली बाई परत येताना वाट चुकते, असे म्हणतात. आत्याबाईंनी अनेक वर्षे तो पदर पसरला होता, आणि टोळी सुटल्यापासून त्या इतरांच्या पदरात घालत आल्या होत्या.

नणंद बाजेच्या काठावर बसली. आष्टीहून आणलेला काटा तिच्या मांडीवर खोक्यात तसाच होता.

"घरात शेंगा व्हत्या आई. लाडू व्हते." पुण्यात राहून तिच्या बोलण्यातून गेलेली गावची भाषा अशा वेळी परत येते.

"लाडू सगळ्यांनीच दिल्ते. तिला सीताफळ लई आवडतं. आन् ती बाराच काय ती टनक व्हती, पिकलेली काय ट्रॉलीत टिकत्यात?" आत्याबाई म्हणाल्या, "तूच म्हन्लीस ना, आठ दिस ऱ्हात्यात म्हनून. म्या इश्वास ठिवला."

सबंध पुण्यात नणंदेच्या सायीवर असा विश्वास कुणी ठेवला नव्हता.

डोंगरावर फळ नव्हते. हंगाम संपला होता. तिचा प्रयोग एका ट्रॅक्टरवर बसून कर्नाटकाच्या दिशेने निघाला होता, आणि तो पुन्हा मांडायला पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबावे लागणार होते. कुणी थांबू दिले तर. तिने संध्याकाळी शेजारणीला फोन लावला. लागला नाही. मग एक संदेश बोलून पाठवला: फळे खाऊ नको, निदान आठ दिवस पुरे होईतो, रोज एकेक दाबून बघ, नाडा बांधलेली वेगळी ठेव आणि मोकळी वेगळी. आवाज शक्य तितका सहज ठेवून ती बोलत होती. पाठीमागे आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि त्यांचे कान इकडेच होते, हे थापण्याच्या मंदावलेल्या लयीवरून कळत होते.

पुढचे दिवस मला त्या रिकाम्या बाजेसकट आठवतात. सकाळी थंडी पडू लागली होती. दुसऱ्या वेचणीचा कापूस घरात येत होता आणि माजघरात त्याचा उबदार, सरकीचा वास भरला होता. नणंद आमच्यासोबत कापूस वेचायला येई. बोंडातून कापूस ओढून घेताना मध्येच थांबे आणि झाडाची काठी नखाने खरवडून बघे. फोन तिच्या कनवटीला असे. तो वाजला की तिच्याआधी आत्याबाई ताठ होत.

फळे वाटेत चेंगरली असतील, मुलांनी खाल्ली असतील, ट्रॉलीतल्या उन्हात आंबली असतील. या सगळ्या शक्यता ती एकेक करून मला सांगे, जणू मोठ्याने सांगितल्याने त्यांची धार बोथट होईल. एकदाच ती वेगळे बोलली. बोंड हातात धरून म्हणाली, "वहिनी, खरं तर तिला मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आत आंबलेली असली तर तिला वाटेल, मी तसली दिली."

फळे मांडल्यापासून आठव्या दिवशी दुपारी शेजारणीचा आवाज आला. तिने संदेश बोलून पाठवला होता. मागे कुत्रे भुंकत होते, उसाचे पाचट पायाखाली कुरकुरत होते. नणंदेने फोन बाजेवर ठेवला आणि आम्ही तिघी त्याच्याभोवती बसलो.

"काय शास्त्रीनबाई. इथं रेंजच न्हाई, टेकाडावर चढून बोलायलेय. तुजी फळं पोचली. सम्दी. एक बी चेंगरलं न्हाई, गोधडीत ठिवल्ती. परवापासनं मऊ व्हायला लागली, आज कोपीतल्या सम्द्यांनी वाटून खाल्ली. मुकादमाला बी दिलं एक, तवा कुठं आज सुट्टी दिली मेल्यानं. गोड हायती गं. दोन मातर आंबली व्हती, ती शेळीनं खाल्ली. आन् मावशीला सांग, नाडे म्या जपून ठिवलेत. सहाचे सहा. कोयत्यांच्या मुठीला बांधले, एक कोपीच्या दाराला, एक पोराच्या मनगटाला. देवाचे नाडे फळासंगं दिले, मावशीनं लई केलं म्हनून नवऱ्याला बी सांगितलं. तुझा निरोप आज ऐकला. वेगळी ठिव म्हन्लीस ते कावून, ते काय कळलं न्हाई."

संदेश संपला. नणंदेचे खांदे हलू लागले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. देवघरातला लाल नाडा बांधलेले फळ आमच्याकडे कोणती बाई साधे फळ समजेल? ते तिच्या लक्षात यायला हवे होते. तीही याच घरातली.

"दोन आंबली ती देठ माखलेली असनार," आत्याबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"म्या सांगते म्हनून."

"असं वहीत लिहिता येत नाही आई."

"मग नको लिहू. मी काय तुझ्या वहीसाठी सांगत न्हाई."

तिने सगळे आहे तसे लिहिले. फळे बारा, त्यांपैकी दोन आंबली, देठ माखलेली की मोकळी ते अज्ञात. ती कोठे ठेवली होती: ट्रॅक्टरची ट्रॉली, नंतर उसाच्या फडाशेजारची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. नाड्यांचे काय झाले तेही लिहिले. मार्गदर्शकांना पाठवताना तिने मला वाचून दाखवले आणि विचारले, भाषा बरी आहे का. मी म्हणाले, यात बदलण्यासारखे काही नाही. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. हा पुरावा होत नाही, असे त्यांनी लिहिले होते. पण पुन्हा करून बघण्याचे कारण नक्की ठरते. पुढचा हंगाम घे. खुणेसाठी शाई वापर.

नणंदेने ते पत्र आईला वाचून दाखवले. आत्याबाई म्हणाल्या, "भला मानूस दिसतोय," आणि परड्यातून येताना पऱ्हाटीची एक मोळी चुलीपासून दूर, भिंतीच्या आडोशाला नेऊन उभी केली. ती तिथे का ठेवली ते त्यांनी सांगितले नाही. उन्हात ती तांबूस दिसत होती, आणि तिच्या काट्याकुट्यांत आत कुठेतरी ती धुक्याच्या रंगाची साय दडलेली आहे, हे आता मला डोळे मिटूनही दिसत होते.

ती पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारणीचा पुन्हा संदेश आला. या वेळी कुत्रा भुंकत नव्हता. वारा तेवढा होता, आणि तिचा आवाज खाली आला होता, शेजारी कुणी ऐकत असावे तसा.

"अगं, तुला मागं सांगायचं ऱ्हायलं. एक फळ म्या ठिवलंय. खाल्लं न्हाई. अजून टनक हाय, पेटीत कापडात गुंडाळून ठिवलंय. पोरगी सासूपाशी हाय ना गावाकडं, ती पुढच्या म्हयन्यात मामासंगं यायची हाय इकडं. तिच्यासाठी. तवर ऱ्हाईल का गं?"

नणंदेच्या हातातली घडी घातलेली साडी तशीच राहिली. मी आत्याबाईंकडे पाहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. लेकीकडे बघत होत्या. बाजरीची कोठी त्यांच्या पाठीमागे होती.

इतक्या दिवसांत मी तिला शब्दांसाठी अडखळताना पाहिले नव्हते. ती प्रयोगाविषयी बोलते तेव्हा वाक्ये सरळ चालत येतात. त्या दिवशी तिने दोनदा फोन तोंडापाशी नेला आणि दोनदा खाली ठेवला. मला कळत होते की हो म्हणणे तिला किती सोपे आहे. आणि हेही की ते फळ एका पेटीत, कपड्यांच्या घडीत, आता किती दिवस राहील हे तिच्याइतके दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही.

तिसऱ्यांदा ती बोलली.

"न्हाई ऱ्हानार. मी लावलंय त्यानं थोडे दिवस ऱ्हातं, म्हयनाभर न्हाई. आजच्या आज काढून खा. तू खा, वाटू नको. पेटीत ठिवलं तर कपड्यांस्नी वास लागंल, आन् पोरगी येईल तवा तुला लई वाईट वाटंल." तिने श्वास घेतला. "तिला मी पुढच्या दसऱ्याला डोंगरावर न्हेते. झाडाखाली बसून खाईल. सांग तिला."

तिने फोन ठेवला आणि साडीची घडी पुरी केली. आत्याबाई उठल्या, लेकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचे केस सोडून पुन्हा वेणी घालू लागल्या, जरी ते सकाळीच विंचरलेले होते. कंगव्याचा आवाज येत होता, आणि ओट्यावर कापसाच्या ढिगावर ऊन सरकत होते.

थोड्या वेळाने फोन वाजला. शेजारणीने बोलून काहीच पाठवले नव्हते. एक फोटो होता. पाचटावर पसरलेले फडके, त्यावर सोललेल्या सीताफळाची साल आणि चाटून स्वच्छ केलेल्या काळ्याभोर बिया. बिया तिने ओळीने मांडल्या होत्या.